घुमीच्या वेण्या

२ ऑगस्ट

धाकटीस,

केस मी कापलेले नाहीत. एवढं आधी वाच, बाकीचं सवडीनं वाचलंस तरी चालेल.

भिंगरीचा फोटो बघितलास, एक मेसेज टाकलास आणि मला ब्लॉक करून मोकळी झालीस. "माझ्या पोरीला भादरून तुझ्या शाळेची शान वाढली असेल." उचलली जीभ लावली टाळ्याला. आता फोन लागत नाही म्हणून कागद घेतलाय. पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू वाचशील, तेवढी मी तुला ओळखते.

झालं ते असं. मंगळवारी मधली सुट्टी संपली तरी भिंगरी आणि तिच्या बाकावरची मुलगी वर्गात आल्या नाहीत. शिपाईबाईंनी शोधलं तेव्हा दोघी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये सापडल्या. दोघींचे केस मानेच्या वर. भिंगरीचे त्यातल्या त्यात सरळ होते, दुसरीचे उंदरानं कुरतडल्यासारखे. बेसिनमध्ये केसांचा बोळा अडकून पाणी तुंबलं होतं. कात्री त्या दुसरीच्या दप्तरात निघाली.

ती दुसरी म्हणजे घुमी. नाव पोरींनीच ठेवलंय, कारण ती बोलत नाही. आमच्याकडे नावाशिवाय कुणी सुटत नाही. मला फुटपट्टी म्हणतात. ते मला माहीत आहे, हे अजून त्यांना माहीत नाही.

जोडीचा नियम तुला मी गेल्या खेपेला सांगत होते, तेव्हा तू उठून चहा करायला गेलीस. आता ऐकून घे. बाकावरच्या दोघी एकमेकींना जबाबदार. सकाळी गेटवर दोघींनी बरोबर यायचं, माझ्यासमोर बरोबर उभं राहायचं. नखं, टाय, मोजे, केस. केस खांद्याच्या खाली असतील तर दोन घट्ट वेण्या आणि काळी रिबीन. एकीत खोट निघाली की दोघी पहिला तास बाहेर. मुलांनी आपल्यापलीकडे शेजारच्याकडेही बघावं म्हणून मी हा नियम काढला. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचं कौतुक केलं, आणि आणखी दोन शाळांनी तो उचलला. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं तर फुशारकी म्हणूनच सांगतेय.

घुमीची एक वेणी कानाशी आणि दुसरी पाठीवर, असं या सत्रात बऱ्याचदा झालं. दर वेळी ती बाहेर आणि तिच्याबरोबर भिंगरी बाहेर. मीच काढलं. भाची म्हणून सोडली असती तर 'आपला तो बाब्या' म्हणायला शिक्षकांच्या खोलीत सगळे टपूनच बसलेत.

आता तूच जोड. शिक्षेला कंटाळलेली मुलगी, तिच्या दप्तरात कात्री. मी विचारलं तर घुमी नुसती रडली आणि तुझी लेक ओठ मिटून उभी राहिली. घुमीच्या बापाला बोलावलं. बेकरीत भट्टीवर असतो. कोपरापर्यंत पीठ, तसाच आला, हातसुद्धा धुतले नव्हते. त्याला सांगितलं, आठवडाभर घरी ठेवा. भिंगरीलाही एक दिवस घरी बसवली. बाक बदलला. प्रकरण संपलं.

भिंगरीला आखूड केस बरे दिसतात. कान तुझ्यासारखे आहेत, ते आता कळलं.

तू लिहितेस, घेऊन जाईन. कुठे नेशील? त्या क्वार्टर्समध्ये, जिथे एका खोलीत चार नर्सेस आणि पाळीप्रमाणे पलंग बदलतात? तुझा करार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आहे. तोवर ती इथे नीट राहील. नेलीस तरी माझी काही अडचण नाही, मला तेवढाच आराम.

– तुझी थोरली बहीण

१९ ऑगस्ट

धाकटे,

एवढ्या लांबून पाकीट पाठवलंस आणि आत दोन शब्द. 'तिला विचार.' तिकिटाचे पैसे तरी वसूल करायचे.

मी विचारलं नाही असं वाटतं तुला? त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसवून विचारलं. कात्री कुणाची? आधी कुणी कापले? कुणाच्या सांगण्यावरून? तिनं समोरचं ताट संपवलं, धुऊन जागेवर ठेवलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

आता तुला सांगायला हवं म्हणून सांगते. भिंगरी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे अगदी अबोला नाही. 'हो', 'नको', 'झालं', 'ठेवलंय' एवढं बोलते. पण ही तीच पोरगी ना, जी दात घासताना फेस सांडत शाळेतली हकिकत सांगायची? मी तिला भिंगरी म्हणायला लागले ते पायांमुळे नाही, जिभेमुळे. आता घरात भांड्यांचा आवाज तेवढा येतो.

तक्रार करायला तिनं जागा ठेवलेली नाही. गणवेश स्वतः धुते, स्वतः इस्त्री करते. बूट चकचकीत. नखं मी बघायच्या आधी पुढे करते. गेटवर माझ्यासमोर उभी राहते तेव्हा माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघते. वर्गातल्या सगळ्या मुली अशा असत्या तर मला पगार घ्यायची लाज वाटली असती. पण घरी येऊन ती तशीच उभी राहते, ते मला सहन होत नाही.

घुमी आठवडा संपला तरी आली नाही. बाप येऊन दाखला काढून घेऊन गेला. मला शिक्षकांच्या खोलीत कळलं तेव्हा मी म्हटलं, चला, एक डोकेदुखी गेली. दार उघडं होतं आणि भिंगरी वह्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होती. तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला, कडा जुळवून, आणि गेली.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. 'ताई, तुला माणसं दिसत नाहीत, इस्त्री दिसते.' म्हणत होतीस ना? मग माझं म्हणणंही एकदा ऐक. आपल्या शाळेत गणवेश नव्हता. माझे जुने फ्रॉक तू घालायचीस, शिवण उसवून आत घेतलेले, आणि तो हिरवा, ज्याच्या खिशावर माझ्या हातून शाई सांडली होती. मुली तुला 'दुसरी आवृत्ती' म्हणायच्या. तू हसून घ्यायचीस. मी वरच्या वर्गाच्या खिडकीतून बघायचे आणि माझं रक्त उकळायचं. मी शिक्षिका झाले तेव्हा ठरवलं, माझ्या शाळेत कुणाचं घर कपड्यांत दिसू द्यायचं नाही. सगळ्यांचा एकच निळा, एकच पांढरा. गरिबाची पोर आणि डॉक्टरची पोर ओळीत उभी राहिली तर ओळखू येता कामा नये. नियम सैल सोडला की पहिला फायदा ज्याच्याकडे आहे त्याचा होतो. कुणी घड्याळ घालतं, कुणी भारी बूट, कुणी केसांना रंग. मग दुसरी आवृत्ती पुन्हा कोपऱ्यात.

हे मी आजही म्हणते. तुला पटो न पटो.

पण तू 'तिला विचार' लिहिलंस त्यावरून वाटतं, तुला काहीतरी माहीत आहे. माहीत असेल तर सरळ सांग. कोडी घालायची ही वेळ नाही.

– ताई

२७ ऑगस्ट

धाकटे,

तू सांगितलं नाहीस, पण मला कळलं. ज्यांच्याकडून कळायला नको त्यांच्याकडून कळलं.

शाळेसमोर स्टेशनरीचं दुकान आहे. ती दुकानवाली माझ्यावर रागावून असते, कारण सत्राच्या सुरुवातीला मी सूचना काढली होती की मुलांनी शाळेबाहेर दुकानांपाशी थांबायचं नाही, थेट गेटवर यायचं. तिची सकाळची विक्री बुडाली. शनिवारी मी लाल पेनं घ्यायला गेले तर पेनं काढता काढता म्हणाली, "तुमची पोरगी दिसत नाही आता पायरीवर."

मी म्हटलं, "कुठल्या पायरीवर?"

"या इथे. रोज सकाळी यायची की. त्या गप्प पोरीला खाली बसवायची, आपण वर बसायची आणि वेण्या घालून द्यायची. दातात रिबीन धरून. अख्खं मागचं वर्ष बघितलं मी. तुम्हाला माहीत नाही?" मग माझ्या तोंडाकडे बघून जरा नरमली. "हात चांगला आहे हो पोरीचा. मी माझ्या नातीला सांगायचे, बघ, शिक."

मला माहीत नव्हतं. भिंगरी घरातून लवकर निघायची, ती वर्गात जाऊन वाचत बसते असं मी धरून चालले होते. तुला तसं अभिमानानं कळवलंही होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पेनं तिथेच राहिली. मी तशीच बेकरीवर गेले, तिथून पत्ता घेतला आणि घुमीच्या घरी गेले.

गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन खोल्या, जिन्याखाली. घुमी घरात नव्हती, भाजी आणायला गेली होती. आई होती. तिला मी पहिल्यांदा बघितलं. सभांना नेहमी बापच येतो, आणि आई का येत नाही हे मी कधी विचारलं नव्हतं, नुसतं वहीत 'आई अनुपस्थित' लिहायचे. तिचा संधिवात हातात उतरलाय. बोटं सगळी एका बाजूला वळलेली, मूठ मिटत नाही. तिनं मला पाणी आणून दिलं ते दोन्ही मनगटांत पेला धरून. मी उठून घ्यायला गेले तर म्हणाली, "बसा. एवढं येतं मला."

नवरा पहाटेच्या आधी भट्टीवर जातो. मुलीच्या डोक्यावर गुडघ्यापर्यंत पोचतील असे केस, आणि घरात वेणी घालणारं कुणी नाही. घुमीला स्वतःच्या मागच्या वेण्या जमत नाहीत. मग आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे भिंगरीनं, ते काम अंगावर घेतलं. जोडी आहे ना. माझ्या नियमात तेच लिहिलंय, की जोडीदाराच्या टापटिपीला जोडीदार जबाबदार. शाळेत शेकडो पोरं, सगळी जोडीदाराकडे बोट दाखवायला शिकली. हात लावायला ही एकटी शिकली.

आणि मग मी सूचना काढली. पायरी बंद. गेटच्या बाहेर थांबायचं नाही, आणि आत शिरताना पहिली तपासणी माझी. म्हणजे वेणी घालायला मी जागाच ठेवली नाही. घुमी स्वतः कशातरी बांधून यायची आणि दोघी बाहेर उभ्या राहायच्या. तेवढे दिवस भिंगरीनं मला एका शब्दानं सांगितलं नाही. मी विचार करत राहिले, का नाही सांगितलं? मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं? 'नियम सगळ्यांना सारखा.' तिला उत्तर माहीत होतं, म्हणून तिनं प्रश्न विचारला नाही.

केसांचंही घुमीच्या आईनंच सांगितलं. भिंगरीनं नियमावली आणून वाचून दाखवली होती म्हणे. खांद्याखालचे केस असतील तर दोन वेण्या. मानेच्या वरचे असतील तर काही नको. "म्हणजे कापले की सुटलो," असं म्हणाली. घुमी घाबरत होती, तिचे केस जन्मात कधी कापलेले नव्हते. तेव्हा तुझी लेक म्हणाली, "आधी माझे काप, मग मी तुझे कापते. दोघींचे गेले की कुणाला वेगळं वाटणार नाही." कात्री घुमीच्या आईची, शिवणाची. हात चालत होते तेव्हाची.

म्हणजे भिंगरीचे केस घुमीनं कापले, आणि घुमीचे भिंगरीनं. मी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. इथे तर चोर कुणी नव्हताच.

मी त्या बाईला म्हटलं, माझी चूक झाली, मुलीला परत पाठवा, मी स्वतः वर्गात सांगेन. ती म्हणाली, "केसांचं काही नाही हो बाई. केस वाढतील. पण तुम्ही सगळ्यांसमोर तिचं दप्तर उलटं केलंत. त्या दिवसापासून ती दप्तर उशाला घेऊन झोपते." मग म्हणाली, "आता नको. ती नव्या शाळेत बसते. तिथे केसांकडे कुणी बघत नाही. तिथला मास्तर स्वतःच न विंचरता येतो." आणि हसली. मलाही हसू आलं, आणि मग रडू आलं. परक्याच्या घरात मी शेवटची कधी रडले होते मला आठवत नाही. तिनं मला रडू दिलं.

भिंगरीला अजून काही बोललेले नाही. कसं बोलायचं ते मला जमत नाहीये. तू इथे असतीस तर तुला पुढे केलं असतं.

– ताई

९ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

भिंगरीशी बोलले. दोन दिवस चाचपडले आणि मग ती इस्त्री करत असताना मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मी घुमीच्या घरी जाऊन आले. मला सगळं कळलंय. मी चुकले." तिनं इस्त्री उभी केली. माझ्याकडे बघितलं. एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. मला वाटलं आता गळ्यात पडेल. पडली नाही. म्हणाली, "मला घुमीच्या शाळेत जायचंय." आणि पुन्हा इस्त्री धरली.

मी नाही म्हटलं. धाकटे, मी लगेच नाही म्हटलं, विचारसुद्धा केला नाही. त्या शाळेत गच्चीवरून पाणी गळतं. गणिताला शिक्षक नाही. आणि शिस्तप्रमुखाची भाची शिस्तीला कंटाळून दुसऱ्या शाळेत गेली, हे गावभर होईल. हे शेवटचं कारण मी तिला सांगितलं नाही, पण तिला ते कळत नसेल एवढी ती लहान नाही.

तिला म्हटलं, शाळा सोडायची गरज नाही, मी नियमच काढून टाकते. माझा नियम आहे, मी आणला, मीच नेईन. ती म्हणाली, "बघ."

शुक्रवारी बैठक होती. मोठ्या बाई, शिक्षक, पालकांचे प्रतिनिधी. मी उभी राहिले आणि झालं ते सगळं सांगितलं, भिंगरीचं आणि घुमीच्या आईच्या हातांचंसुद्धा. म्हटलं, गणवेश राहू दे, स्वच्छता राहू दे. मी काही सोवळं सोडायला निघालेली नाही. पण जोडीचा नियम काढा, आणि वेण्यांचं कलम काढा. केस बांधलेले असले की पुरे, कसे बांधायचे ते घरावर सोपवा. मी इतकी वर्षं म्हणत आले की गणवेशात कुणाचं घर दिसत नाही. वेणीत दिसतं. ज्या घरात सकाळी दोन मोकळे हात आहेत त्याच घरातली पोर आमच्या गेटमधून नीट आत येते.

मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हीच म्हणायचात ना, एकाला सूट दिली की दहा रांगेत उभे राहतात?" म्हटलं होतं मी. एक पालक म्हणाले, "या नियमामुळे आमचा मुलगा बूट पुसायला लागला हो. घरी शंभरदा सांगून ऐकत नव्हता." तेही खरंच असणार. चित्रकलेच्या सरांनी विचारलं की एका मुलीच्या आईला संधिवात आहे म्हणून सगळ्या शाळेचा नियम बदलायचा का? मी म्हटलं, "आपण विचारलंच कितीजणींना?" पण हात वर करायची वेळ आली तेव्हा नियमाच्या बाजूनं खोली भरून हात वर झाले. माझ्या बाजूनं शिवणकामाच्या बाई आणि मी. आणि धाकटे, त्या सगळ्यांना तो नियम मीच पटवून दिला होता, एकेकाला गाठून, चहा पाजून. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणत असावेत.

गेटची ड्युटी मी सोडली. मोठ्या बाईंना म्हटलं, गणित शिकवीन, गेटवर उभी राहणार नाही. त्या नाराज आहेत. आता चित्रकलेचे सर उभे राहतात, त्यांचा स्वतःचा शर्ट पोटावर बटणं ताणून असतो. पोरं त्यांच्यासमोर ओठ चावून उभी राहतात.

घरी येऊन भिंगरीला सांगितलं, मी हरले. तिनं 'बघ' म्हटलं होतं तरी 'बघितलंस?' म्हटलं नाही. माझ्यासाठी दूध गरम करून आणलं आणि बाजूला बसली. कोण म्हणतं ती माझ्यावर गेलीये? मी तिच्या जागी असते तर ऐकवल्याशिवाय राहिले नसते.

म्हणून हा अर्ज सोबत जोडलाय. दाखला काढायचा तर आईची सही लागते, मी नुसती सांभाळणारी. सही कर, असं मी तुला सांगतेय. गणित मी घरी घेईन. गच्ची गळते तिथले बाक सरकवतील.

तुला तिला घेऊनच जायचं असेल तर तो तुझा हक्क आहे, आणि मी आडवी येणार नाही. पण पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ती गेली तर मला आराम. ते खोटं होतं. ती माझ्याशी बोलत नसतानाही ती घरात आहे म्हणून मी वेळेवर घरी येते. ती गेली तर मी शाळेत उशिरापर्यंत वह्या तपासत बसेन आणि सगळे म्हणतील, किती कष्टाळू बाई. मला ती इथे हवी आहे. तिलाही इथेच राहायचंय असं वाटतं, पण ते तू तिला विचार. मी विचारलं तर ती मला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणेल.

तुझी,
ताई

४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

सही मिळाली. अर्जाच्या मागे पेन्सिलीनं लिहिलंस, 'आता पुन्हा त्या गेटवर उभी राहू नकोस.' नाही राहणार. आणि तू रविवारी फोन केलास, अनब्लॉक केलंस, तिच्याशी तासभर बोललीस, आणि शेवटी मला 'बरी आहेस ना?' विचारलंस, त्या सगळ्याबद्दल मी फोनवर नुसतं 'हो' म्हटलं. त्या एका 'हो'त बरंच होतं. तुला ते कळलं असेल असं धरून चालते.

उन्हाळ्यापर्यंत ती इथेच राहणार, हे तिनं तुझ्याशी परस्पर ठरवून टाकलंय म्हणे. मला नंतर कळवण्यात आलं. ठीक आहे.

काल तिचा नव्या शाळेतला पहिला दिवस होता. मी म्हटलं, सोडायला येते. ती 'नको' म्हणाली नाही. मी पहिला तास दुसऱ्या बाईंना दिला आणि गेलो आम्ही दोघी चालत. ती शाळा बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे, एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला लाकडाची वखार. गणवेश आहे, पण कुणाचा निळा आकाशी, कुणाचा जांभळ्याकडे झुकलेला. अर्ध्या पोरांचे शर्ट बाहेर. एकाच्या पायात दोन वेगळे मोजे. एका मुलीनं नखांना चक्क हिरवा रंग लावला होता. माझ्या डोळ्यांना सुट्टी नाही गं, ते आपोआप मोजत सुटतात. मी काही बोलले नाही. तोंडावरही काही आणलं नाही, असं मला वाटत होतं.

घुमी वाट बघत उभी होती. तिचे केस जरा वाढलेत, कानामागे खोचता येतात. भिंगरीला बघून ती धावत आली आणि मला बघून मध्येच थांबली. मी तिला म्हटलं, "मी तुझं दप्तर उलटं केलं, ते चुकलं माझं." सगळ्यांच्या समोर केलं होतं म्हणून सगळ्यांच्या समोरच म्हटलं. आजूबाजूची पोरं बघायला लागली. घुमीनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला आणि मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही. विचारायचा हक्क मला नव्हता.

मग त्या दोघी आत गेल्या. मी फाटकापाशीच थांबले. घंटा झाल्यावर जावं असं ठरवलं होतं. तुला सांगते, दुसरं काही मनात नव्हतं, तिला वर्गात शिरताना बघावं एवढंच. मी आपली फाटकाला पाठ लावून, हात मागे बांधून उभी.

भिंगरी वर्गाच्या दारातून वळली आणि तरातरा पटांगण ओलांडून माझ्याकडे परत आली. मला वाटलं काही विसरली. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तू आता जा बरं. तू इथे उभी आहेस म्हणून सगळी पोरं शर्ट खोचत आत येतायत."

मी बघितलं. खरंच खोचत होती. दोन वेगळ्या मोज्यांवालाही मोजे खाली गुंडाळून लपवत होता. हिरव्या नखांच्या मुलीनं दोन्ही हात बगलेत घातले होते. एकालाही मी कोण हे माहीत नव्हतं.

जुलैनंतर ती माझ्याशी एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलली. मी गेले.

तुझी,
ताई